सेलोटेपने जुनं कागदी विमान 'वाचत' नाही हो

जुन्या बाजारात कधीतरी जुनं कागदी मॉडेल विमान हाती लागतं आणि घरी आल्या आल्या कोणीतरी सांगतंच, फाटलंय ना, मग सेलोटेप लाव, पक्कं राहील. राहत नाही! त्या टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो, चिकट होऊन कागदाच्या आत मुरतो, वरचं प्लास्टिक सुटून पडतं आणि तेलकट डाग मात्र कायमचा बसतो. लॅमिनेशन तर त्याहून वाईट, ते परत काढताच येत नाही.

त्यापेक्षा गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ करा, पातळ जपानी टिश्यूची (म्हणजे दुरुस्तीसाठी वापरतात तो पातळ पण चिवट कागद) पट्टी मागच्या बाजूने लावा, नंतर नको वाटली तर पाण्याने सोडवता येते (आधी कोपऱ्यात शाई फुटते का ते बघा, नाहीतर पंख रंगपंचमी खेळतील).

आणि उडवायचंच असेल तर मूळ विमान स्कॅन करून पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या जाड कागदावर प्रिंट काढा नि ते जोडा. नाकात वजन हवंच, 1940च्या दशकातल्या काही अमेरिकन कागदी विमानांत त्यासाठी चक्क एक सेंटचं नाणं घालायचे. आपल्याकडे रुपया चालेल, पण मोठ्या मॉडेललाच.