४१५ ची पट्टी आणि पोटापाण्याचा प्रश्न

युरोपच्या जुन्या संगीतात (ढोबळमानाने १७५० च्या आधीचं) करिअर करायचं तर पक्की नोकरी जवळपास नाहीच, आणि हे पहिल्यापासून असंच आहे. १८२९ मध्ये बर्लिनला बाखचं विस्मरणात गेलेलं मॅथ्यू पॅशन परत वाजलं वगैरे, ते सोडून देऊ. धंदा म्हणून गोष्ट सुरू होते ती महायुद्धानंतर. व्हिएन्नात ऑर्केस्ट्राची नोकरी करणाऱ्या एका चेलोवाल्याने १९५३ मध्ये जुनं संगीत जुन्याच वाद्यांवर वाजवायला ग्रुप जमवला आणि पहिली जाहीर मैफल केली थेट १९५७ ला, तोपर्यंत नुसती तालीम आणि जुनी वाद्यं शोधणं. नोकरी सोडली १९६९ ला.

आता पट्टीचं भांडण. १९३९ ला लंडनच्या परिषदेत ए या सुराची कंपनं सेकंदाला ४४० असं ठरलं, पण जुन्या काळी गावोगाव पट्टी वेगळी, फ्रेंच ऑपेरात ३९२ च्या आसपास तर जर्मन चर्चच्या ऑर्गनवर ४६५ च्या आसपास. मग जुनं संगीत वाजवणाऱ्यांनी ४१५ का धरली? काही जुनी वाद्यं त्याच्या जवळपास लागतात हे खरं, पण मोठं कारण सोयीचं, ४१५ म्हणजे ४४० च्या बरोब्बर अर्धा सूर खाली, हार्पसिकॉर्डचा (पियानोच्या आधीचं, तारा छेडून वाजणारं वाद्य) कीबोर्ड एक तार सरकवला की झालं, आपल्या स्केल चेंजर पेटीसारखं. कट्टर मंडळी यावर अजून नाक मुरडतात, इतिहासाचं नाव घेता आणि तडजोड विकता म्हणून. मुरडू देत. लाकडी बासरीची पट्टी हवी तशी बदलत नाही, प्रत्येक गावाला वेगळी बासरी कुठून आणणार? एक पट्टी ठरली म्हणून तर टोकियोचा वादक उद्या नेदरलँड्सच्या युट्रेक्टमध्ये उभा राहू शकतो. नंतर फ्रेंच संगीताला ३९२ आणि मोझार्टला ४३० हवीच असा आग्रह वाढला आणि वादकाचा खर्चही वाढला, ते वेगळं.

१९८२ नंतर सीडीने बरे दिवस दाखवले, रेकॉर्डिंगवर घर चालायचं, मग सीडीच बसली. नेदरलँड्समध्ये २०१३ पासून कलेच्या सरकारी बजेटमधून २० कोटी युरो कापले, २०२० ला मैफलीच बंद, आणि २०२१ पासून ब्रिटिश वादकांना युरोपात १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, शिवाय कामाच्या परवान्याचे नियम देशोदेशी वेगळे. त्यामुळे आता एकच माणूस वाजवतो, शिकवतो, ओबोच्या (सनईसारखं वाद्य) फुंकायच्या पत्त्या स्वतः तासतो, दुसऱ्यांचे हार्पसिकॉर्ड ट्यून करून देतो आणि व्हॅनही स्वतःच चालवतो.