हैतीची क्रांती आणि राष्ट्रवाद

हैतीची क्रांती (1791–1804) म्हणजे कॅरिबियनमधल्या सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीत गुलामांनी केलेलं बंड, जे शेवटी स्वतंत्र देश होऊनच थांबलं. राष्ट्रवादामुळे क्रांती झाली असं बऱ्याचदा सरसकट म्हणतात, पण इथे बंड आधी झालं आणि राष्ट्र मागाहून आलं.

1789 च्या सुमारास इथे जवळपास 5 लाख गुलाम होते, गोरे तीसेक हजार आणि स्वतंत्र मिश्रवर्णीय-काळे जवळजवळ तेवढेच. गुलामांपैकी बरेचसे थेट आफ्रिकेतून आणलेले, बोली वेगळ्या, देव वेगळे, मग "आपण एक राष्ट्र" हे कुणाच्या डोक्यात कुठून येणार? जोडणारं काय तर क्रेओल ही तिथली मिश्र भाषा, व्होडू हा आफ्रिकी मुळांचा धर्म आणि मळ्यावरचा चाबूक. ऑगस्ट 1791 मध्ये उत्तरेकडचे उसाचे मळे पेटले तेव्हा काही बंडखोर तर चक्क फ्रान्सच्या राजाचं नाव घेऊन लढत होते! बंडाचा पुढारी तुसाँ लुव्हेर्त्यूर आधी स्पेनकडून लढला, मग 1794 मध्ये, फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली त्याच वर्षी, फ्रान्सकडे आला, आणि त्याच्या 1801 च्या संविधानातही वसाहत फ्रेंचच राहते, फक्त गुलामगिरी कायमची बंद आणि तो स्वतः तहहयात गव्हर्नर.

सगळं फिरलं ते 1802 मध्ये. नेपोलियनने आपला मेहुणा लक्लेर याला मोठी फौज देऊन पाठवलं, तुसाँला धरून फ्रान्सला नेलं, त्यात ग्वाडेलूप या कॅरिबियनमधल्याच दुसऱ्या फ्रेंच वसाहतीत गुलामगिरी परत आणतायत ही बातमी आली आणि फ्रान्सबरोबर राहून सुटका नाही हे लोकांना कळून चुकलं. तोवर फ्रेंचांच्या बाजूने असलेले देसालीन, पेतियाँ हे सेनानी उलटले. मे 1803 मध्ये देसालीनने फ्रेंच तिरंग्यातला पांढरा पट्टा फाडून काढला आणि उरलेला निळा-लाल जोडून झेंडा केला, असं तिकडे सांगतात. नोव्हेंबरात व्हेर्तिएरची लढाई जिंकली, 1 जानेवारी 1804 ला स्वातंत्र्य जाहीर.

नाव घेतलं हैती, ताइनो लोकांच्या भाषेतलं, म्हणजे स्पॅनिश लोकांनी ज्यांचा जवळजवळ निर्वंश केला त्यांचं. 1805 च्या संविधानाने सगळ्या हैतीवासीयांना "काळे" ठरवलं, तिथे राहिलेल्या पोलिश-जर्मन लोकांनासुद्धा. अर्थात त्याआधी 1804 मध्येच उरलेल्या फ्रेंच गोऱ्यांची कत्तल झाली होती, ते सोडून हा इतिहास सांगता येत नाही.

आणि राष्ट्र झालं तरी भांडण मिटलं नाही, कारण सरकारला निर्यातीसाठी मळे चालू हवे होते आणि सुटलेल्या माणसाला स्वतःचा जमिनीचा तुकडा. 1806 मध्ये देसालीनचा खून झाला, लगेच देशाचे दोन भाग पडले, उत्तरेत क्रिस्तोफ हा क्रांतीतलाच दुसरा सेनानी आणि दक्षिणेत पेतियाँ.