कॅटामरान ट्रकने न्यायचीय? अर्ज परत येतो तो इथे

दोन हलांची (हल म्हणजे बोटीचा पाण्यात तरंगणारा सांगाडा) कॅटामरान किंवा तीन हलांची ट्रायमरान, अशी शिडाची बोट रस्त्यावर आणली की पहिलं भांडण रुंदीशी. भारतात आणि अमेरिकेत गाडीला 2.6 मीटरपर्यंत मुभा, युरोपात 2.55. एफ-27 सारखी बाजूचे हल मिटणारी ट्रायमरान अमेरिकेत विनापरवाना जाते. लगून 380 ही कॅटामरान मात्र 6.53 मीटर रुंद, तिला अतिरुंद मालाचा परवाना लागतोच.

या परवान्याचे सर्वाधिक अर्ज अडकतात ते 'माल सुटा होतो का?' या रकान्यात. परवाना अविभाज्य मालालाच मिळतो. अमेरिकी नियमात सुटं करायला 8 तासांहून जास्त काम लागत असेल, किंवा तसं केल्याने वस्तूची किंमत वा उपयोग जात असेल, तर ती अविभाज्य. हलांना जोडणाऱ्या आडव्या तुळया बोल्टने बसवलेल्या असतील तर 'मग खोला की' हेच उत्तर येणार, आणि ते रास्त आहे. हल वेगळे करून न्या, बहुधा परवान्याचीच गरज उरणार नाही. एकसंध फायबरच्या बोटीला मात्र ती सुटी होत नाही असं कारखान्याचं पत्र मागतात. कारखाना कधीच बंद पडलेला असतो, पण हे ऐकून घ्यायला खिडकीपलीकडे कुणाला वेळ नसतो. अशा वेळी सागरी सर्व्हेयरचा लेखी दाखला आणि जोडाचे जवळून काढलेले फोटो लावा. समोरच्याने कॅटामरान पाहिलेली असेलच असं नाही.

मापं माहितीपत्रकातून उतरवू नका. त्यात रेलिंग, नांगराचा रोलर, मागचे डेव्हिट (छोटी होडी टांगायचे दांडे) धरलेले नसतात. दोन्ही बाजूंच्या सर्वांत बाहेरच्या टोकांवरून ओळंबा सोडा, जमिनीवर खूण करा, मग टेप लावा. उंची बोटीची नव्हे, ट्रेलरवर चढवल्यानंतरची लिहायची. वाटेतला पूल तुमचं माहितीपत्रक वाचत नाही. डोलकाठी उतरवून आडवी ठेवली की ती मागे किती बाहेर येते, तेही लांबीत धरा.

मुदतीचा घोळ वेगळाच. एका फेरीचा परवाना मोजक्या दिवसांचा असतो आणि अनेक ठिकाणी रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी हलायची बंदी असते, तरी ते दिवस मुदतीत मोजले जातात. शुक्रवारी निघणाऱ्यांनी कॅलेंडर बघावं. राज्याची हद्द ओलांडत असाल तर पुढच्या राज्याचा परवाना आधीच हातात हवा.

मालकीचा दाखला, ट्रकचे कागद, मार्गाचा नकाशा, पायलट गाडीची (ट्रकसोबत चालणाऱ्या इशारा गाडीची) सोय: हे वाहतूकदार बघतो. विम्याचं मात्र स्वतः वाचा. बोटीच्या पॉलिसीत रस्त्यावरचा प्रवास पुष्कळदा वगळलेला असतो.