रोमा वेगळे, ट्रॅव्हलर वेगळे

डब्लिनला नव्याने आलेल्या मराठी माणसाला भाड्याचं घर, बँकेचं खातं आणि बसचं कार्ड यांच्याबरोबर आणखी एक सल्ला हमखास मिळतो: "त्या जिप्सींपासून जरा जपून." जिप्सी म्हणजे नक्की कोण, असं विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर येतं. कधी गर्दीच्या रस्त्यावर पायघोळ घागरा घालून बसलेली बाई, तर कधी गावाबाहेर कॅरॅव्हॅनमध्ये राहणारं कुटुंब. पहिली बहुधा रोमा असते, दुसरं आयरिश ट्रॅव्हलर. इथे आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं मीही या दोघांना एकच समजत होते.

माझा समज एका बसमध्ये मोडला. पुढच्या सीटवर एक आई लेकीची बोटं धरून आकडे शिकवत होती. एख, दुई, त्रिन, श्तार, पांज. माझे कान टवकारले. शोव. पुढचे तीन आकडे ओळखीचे वाटले नाहीत: एफ्ता, ओख्तो, एन्या. आणि दहाव्या बोटाला ती म्हणाली, देश.

ती रोमानी भाषा होती. नाकाला नाख, कानाला कान, पाण्याला पानी, माणसाला मनुश, सुरीला छुरी म्हणणारी. रोमांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून निघाले, इराण आणि आर्मेनियामार्गे ग्रीक बोलणाऱ्या बायझँटिन साम्राज्यात पोचले आणि तिथे बराच काळ राहिले. सात, आठ, नऊ हे आकडे ग्रीक आहेत ते त्यामुळेच. पुढे युरोपात हे लोक इजिप्तहून आलेत असा गैरसमज पसरला आणि 'इजिप्शियन'चं 'जिप्सी' झालं. रोमानिया या देशाच्या नावाशीही 'रोमा'चा संबंध नाही. रोमा तिथे मोठ्या संख्येने राहतात एवढंच. 'रोम' हा त्यांच्या भाषेतला शब्द, अर्थ पुरुष किंवा नवरा, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचा धागा आपल्याकडच्या 'डोम' या जातीच्या नावाशी जोडतात.

ट्रॅव्हलरांचा भारताशी असा काही संबंध नाही. ते आयरिशच. आडनावं आयरिश, धर्म बहुतेकांचा कॅथलिक. 1840च्या दशकातल्या बटाट्याच्या दुष्काळात देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांची ही पोरं, असं इथे वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने ते खोडून काढलं. हा समाज बाकीच्या आयरिश लोकांपासून वेगळा झाला तो दुष्काळाच्या कितीतरी आधी, सुमारे 360 वर्षांपूर्वी. त्यांच्या बोलीला अभ्यासक शेल्टा म्हणतात, ते स्वतः कँट किंवा गॅमन म्हणतात. तिची एक खुबी मराठी माणसाला चटकन कळेल. लहानपणी आपण 'च'च्या भाषेत 'कुठे'चं 'चठेकु' करायचो ना, तशी शेल्टा आयरिश शब्दांची उलटापालट करते. दार म्हणजे आयरिशमध्ये दोरस, शेल्टात रोदस. मुलगा म्हणजे मॅक, त्याचा झाला कॅम.

त्यांचा जुना धंदा म्हणजे पत्र्याची भांडी घडवणं, फुटकी डागणं, घोड्यांची खरेदी-विक्री. शेतकरी त्यांची वाट बघायचे. मग प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या, ट्रॅक्टर आले आणि गावाला त्यांची गरज उरली नाही. आपल्याकडे स्टीलची भांडी आली आणि गल्लीत "कल्हईऽऽ" ही हाळी ऐकू येईनाशी झाली, तसंच. फरक एवढाच की इथे धंदा गेल्यावर त्या धंद्याचं नाव शिवी म्हणून मागे उरलं. 'टिंकर' हा शब्द आज कोणाच्या तोंडावर म्हणू नये.

दोघांना एकत्र बांधणारा शब्द म्हणजे 'भटके', आणि तोच सगळ्यात जास्त चुकीचा आहे. युरोपातले बहुसंख्य रोमा भटकतच नाहीत. स्लोव्हाकिया, बल्गेरिया, रोमानियात ते पिढ्यान्‌पिढ्या एकाच वस्तीत राहत आलेत. वालाकिया आणि मोल्दाव्हिया या जुन्या रोमानियन संस्थानांत तर 1856 पर्यंत ते गुलाम होते, मठांचे, सरदारांचे, राज्याचे. गुलामाला भटकायला कोण देणार? ट्रॅव्हलरांची गोष्ट याच्या उलट. फिरणं हा त्यांच्या जगण्याचा गाभा होता, आणि सरकारने तोच 'प्रश्न' ठरवला. 1963च्या सरकारी आयोगाच्या अहवालाचा सूर असा की यांना स्थिर करून बाकीच्या समाजात विरघळवून टाकावं. 2002च्या कायद्याने परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जागेत मुक्काम टाकणं हा गुन्हा झाला, आणि अधिकृत मुक्कामाच्या जागा मात्र पुरेशा बांधल्या गेल्या नाहीत.

माझ्या मते खरा फरक अविश्वासाच्या भाषेत आहे. रोमांना ऐकवतात, तू इथला नाहीस. ट्रॅव्हलरांना ऐकवतात, तू वेगळा कुठे आहेस, आमच्यातलाच, फक्त वाया गेलेला. म्हणूनच ट्रॅव्हलर हा स्वतंत्र वांशिक समूह आहे हे मान्य करायला आयर्लंडला 1 मार्च 2017 उजाडावा लागला. तत्कालीन पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत तशी घोषणा केली.

'तू इथला नाहीस' म्हणजे काय, ते ऑक्टोबर 2013 मध्ये दिसलं. ग्रीसमध्ये एका रोमा वस्तीत सोनेरी केसांची मुलगी सापडली, ती पळवलेलीच असणार, अशी बातमी जगभर गाजत होती. त्याच आठवड्यात डब्लिनच्या टॅला भागातून पोलिसांनी सात वर्षांची एक मुलगी तिच्या रोमा आईबापांकडून काढून घेतली. कारण? केस सोनेरी, डोळे निळे, आईबाप सावळे. अॅथलोनमधून दोन वर्षांचा एक मुलगाही असाच उचलला. डीएनए तपासणी झाली आणि दोन्ही मुलं आपापल्या आईबापांचीच निघाली. ग्रीसमधल्या मुलीचे जन्मदातेही बल्गेरियातले रोमाच होते. पुढच्या वर्षीच्या चौकशी अहवालाने टॅलाच्या प्रकरणात वंश पाहून संशय घेतला गेल्याचं स्पष्ट म्हटलं, आणि सरकारने माफी मागितली. सात वर्षांच्या पोरीला दोन रात्री परक्या घरी काढाव्या लागल्या, त्या मात्र तिच्या लक्षात राहणारच.

दुसरी भाषा 2015च्या ऑक्टोबरात ऐकू आली. डब्लिनजवळच्या कॅरिकमाइन्स इथल्या ट्रॅव्हलरांच्या मुक्कामावर आग लागून दहा जण गेले, त्यात पाच मुलं. देश हळहळला, झेंडे अर्ध्यावर आले. पण वाचलेल्या कुटुंबांना तात्पुरतं जवळच्याच जागेवर हलवायचं ठरलं, तेव्हा तिथल्या रहिवाशांनी रस्ता अडवला. शेवटी त्या कुटुंबांची सोय दुसरीकडे करावी लागली. या बातमीवर मी अजूनही शांतपणे बोलू शकत नाही. 2010च्या सरकारी अभ्यासात ट्रॅव्हलर पुरुषांचं आयुर्मान इतर पुरुषांपेक्षा 15 वर्षांनी कमी भरलं होतं. इतक्या मोठ्या तफावतीचं कारण एका आगीत मावत नाही, पण त्या अडवलेल्या रस्त्यावर ते बरंचसं दिसतं.

मुलं पळवण्याची अफवा ऐकली की मला राईनपाडा आठवतं. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं गाव, 1 जुलै 2018, आठवडी बाजाराचा दिवस. 'मुलं पळवणारी टोळी' म्हणून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने ठार मारलं. भिक्षेसाठी फिरणं ही त्यांची परंपरा. त्यांचं ना रोमांशी नातं, ना ट्रॅव्हलरांशी. खोटं मात्र तेच, शब्दही जवळपास तेच.

आता राहिला नावांचा प्रश्न. ब्रिटनमधली काही रोमानी कुटुंबं स्वतःला अभिमानाने जिप्सी म्हणवतात, पण युरोपातल्या इतर बहुतेक रोमांना हा शब्द अपमानाचा वाटतो. म्हणून समोरचा स्वतःला काय म्हणवतो ते ऐकावं आणि तेच म्हणावं. आयर्लंडच्या 2022च्या जनगणनेत 'रोमा' हा पर्याय पहिल्यांदा आला. सुमारे 16 हजार लोकांनी तो निवडला, आणि जवळजवळ 33 हजारांनी 'ट्रॅव्हलर'.

नव्याने आलेल्या कुणी मला जिप्सींबद्दल विचारलं, तर मी आधी बोटांवर दहापर्यंत मोजून दाखवते, एखपासून देशपर्यंत. मग दाराकडे बोट दाखवून विचारते, याला शेल्टात काय म्हणत असतील, सांग बघू.