‘एनए’ झाले, परवानगी राहिली

प्लॉटच्या जाहिरातीत सगळ्यात ठळक छापतात ते ‘एनए’, म्हणजे अकृषिक, आणि घर बांधणाऱ्यांचा घोळ तिथूनच सुरू होतो. अकृषिक परवानगी हा मुळात जमीनसाऱ्याचा मामला. शेतजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर आधी जिल्हाधिकाऱ्यांना विचारा, हे 1879च्या महसूल कायद्यातच होते, कारण वापर बदलला की आकारणी बदलते. घराभोवती किती जागा सोडता, जिना किती रुंद ठेवता, याच्याशी सरकारच्या महसूल खात्याला देणेघेणे नव्हते. ते पाहणारा नगररचनेचा कायदा 1915 साली वेगळ्या वाटेने आला.

दोन्ही वाटा एक करायची संधी 1966 साली होती. झाले उलटेच. त्या एकाच वर्षी महसूल संहिताही झाली आणि प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमही. एका कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांना 90 दिवस, दुसऱ्यात नियोजन प्राधिकरणाला 60 दिवस. मुदतीत उत्तर आले नाही तर परवानगी ‘मानीव’, म्हणजे मिळालीच असे मानायचे. (मानीव परवानगीवर कर्ज देणारी बँक माझ्या तरी पाहण्यात नाही.) एकाच प्लॉटसाठी दोन फायली, दोन शिक्के. ज्यांना हे झेपले नाही त्यांनी गुंठा-दोन गुंठे घेऊन तसेच घर बांधले. अशी घरे नियमित करायला 2001 साली गुंठेवारी कायदा करावा लागला, आणि 2021 साली त्याची मुदत 31 डिसेंबर 2020पर्यंत ओढावी लागली.

सुटका झाली ती महसूल संहितेतल्या कलम 42च्या शेपटाने: 42-अ, मग ब, क, ड. जमीन मंजूर विकास आराखड्यात असेल, तर वेगळ्या एनए आदेशाची गरज नाही. आकारणी आणि रूपांतर कर भरा, पावती हाच पुरावा. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरपर्यंतच्या जमिनीलाही पुढे हीच सवलत मिळाली. बांधकामासाठीच्या डिसेंबर 2020च्या एकत्रित नियमावलीने, मुंबई आणि आणखी काही क्षेत्रे वगळता, 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर परवानाधारक अभियंत्याचा नकाशा दाखल करून शुल्क भरल्याची पावतीच बांधकाम परवानगी ठरवली.

म्हणजे दोन्हीकडे आता पावती. तरी कर्जाच्या टेबलावर दोन्ही पावत्या ठेवल्या, की पलीकडून प्रश्न येतो: ‘एनए ऑर्डर कुठंय?’