इमॅक्युलेट आणि प्रिस्टीन: डाग नसणं वेगळं, हात न लागणं वेगळं

जुन्या गाडीच्या जाहिरातीत ‘प्रिस्टीन कंडिशन’ वाचलं की माझं डोकं फिरतं. कारण पुढच्याच ओळीत असतं: नवा रंग, नव्या सीट, इंजिनाचं काम केलेलं. एवढं सगळं झाल्यावर गाडी इमॅक्युलेट असेलही, पण प्रिस्टीन कुठून?

इमॅक्युलेट बहुतेकांना कळतो. एक डाग नाही, एक सुरकुती नाही, बोट ठेवायला जागा नाही. लॅटिनमध्ये ‘मॅक्युला’ म्हणजे डाग. डोळ्यांचे डॉक्टर पडद्यावरच्या पिवळ्या ठिपक्याला मॅक्युला म्हणतात तो हाच. त्याला नकार जोडला की झाला आपला निष्कलंक. कपडे, खोली, हस्ताक्षर, वागणूक, टायमिंग, सगळ्याला चालतो. उच्चारात शेवटचा ‘लेट’ ठासून म्हणू नका, तो ‘लट’कडे झुकतो. आणि ‘व्हेरी इमॅक्युलेट’ तर नकोच. डाग एकतर असतो, नाहीतर नसतो.

खरा घोळ प्रिस्टीनपाशी. हा लॅटिन ‘प्रिस्टिनस’वरून आला, म्हणजे पूर्वीचा, मूळचा. त्याचा रोख स्वच्छतेवर नाही, काळावर आहे: वस्तू पहिल्यांदा होती तशीच आहे का, मध्ये कुणी हात लावला का? माणूस न शिरलेलं जंगल घ्या. खाली कुजका पाला, चिखल, बुरशी, उन्मळून पडलेली झाडं. त्याला इमॅक्युलेट म्हणणं हास्यास्पद, पण प्रिस्टीन ते शंभर टक्के. उलट रोज झाडून-कापून राखलेली हिरवळ इमॅक्युलेट असते आणि प्रिस्टीन मुळीच नसते.

जुन्या नाण्यांचे संग्राहक हा फरक खिशाला झळ बसून शिकतात. काळवंडलेलं नाणं घासूनपुसून लख्ख केलं, तर नवख्याला वाटतं किंमत वाढली. प्रत्यक्षात ती घसरते, कारण टाकसाळीतून निघालेला मूळ पृष्ठभाग घासण्यात गेला आणि तो परत येत नाही. डाग गेले, मूळपणही गेलं.

अंटार्क्टिकातल्या व्होस्टॉक सरोवराचं उदाहरण मला याहून आवडतं. सुमारे पावणेचार किलोमीटर बर्फाखाली दडलेल्या या पाण्यापर्यंत रशियन शास्त्रज्ञांचं छिद्र 2012 च्या फेब्रुवारीत पोहोचलं. छिद्र गोठून मिटू नये म्हणून त्यात केरोसीनयुक्त द्रव भरलेला होता, आणि वाद पेटला तो त्यावरूनच. ते पाणी पिण्याजोगं निर्मळ आहे की नाही, हा मुद्दाच नव्हता. लाखो वर्षं बाहेरच्या जगापासून तुटलेली गोष्ट एकदा बाटली की कितीही गाळा, ती पुन्हा प्रिस्टीन होत नाही.

म्हणजे इमॅक्युलेट कमावता येतं. धुवा, घासा, इस्त्री करा. प्रिस्टीन फक्त गमावता येतं.

कुणी म्हणेल, हल्लीचे शब्दकोश प्रिस्टीनचा ‘अगदी स्वच्छ’ हा अर्थही देतात. देतात, आणि तो विसाव्या शतकात रुळला हेही खरं. तुम्ही तसं लिहिलंत तर चूक म्हणता येणार नाही, पण मी लिहिणार नाही. स्वच्छतेसाठी शब्दांची रांग लागली आहे. ‘अजून कुणी हात लावलेला नाही’ हे एका शब्दात सांगणारे किती उरले?

जाता जाता दुसरा एक गोंधळ. ‘इमॅक्युलेट कन्सेप्शन’ म्हणजे येशूचा कुमारी मातेपोटी झालेला जन्म, असं सर्रास लिहिलं जातं. ते साफ चूक. कॅथलिक शिकवणुकीत ही संज्ञा खुद्द येशूच्या आईबद्दल, मेरीबद्दल आहे: ती आपल्या आईच्या गर्भात आली तेव्हापासूनच मूळ पापाच्या, म्हणजे प्रत्येक माणूस जन्मतःच घेऊन येतो असं मानलेल्या पापाच्या, डागापासून मुक्त होती. पोप नववे पायस यांनी 8 डिसेंबर 1854 रोजी हा सिद्धान्त घोषित केला.

आणि सील न फोडलेल्या खोक्यातली जुनी घड्याळं? तिथे दोन्ही शब्द बसतात. विकणाऱ्याने मात्र प्रिस्टीनच लिहावं. ग्राहक पैसे त्या सीलचे मोजतो.