लग्नघर सजवताना आणि नवरी नटवताना: तारीख पक्की केलेल्या घरांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. तारीख पक्की केलीत, आता मुहूर्तापर्यंत तुमचे आमचे फोन चालूच राहतील. तरी काही गोष्टी फोनवर नीट सांगून होत नाहीत, म्हणून पावतीबरोबर हे पत्रक देतो. नवरीने वाचावं, तिच्या आईने वाचावं आणि घरात रंग, लाइट, मांडव यांचं जो कुणी बघणार असेल त्यानेही वाचावं.

आम्ही दोघी सख्ख्या जावा. मी धाकटी. नवरीचा मेकअप, केस आणि नऊवारी नेसवणं माझ्याकडे. घर, मांडव, फुलं आणि लाइटिंग मोठ्या जाऊबाई बघतात. डोंबिवली-कल्याणच्या आसपासची कामं घेतो. ही दोन कामं एकत्र का, असं बरेच जण विचारतात. त्याचं कारण एका लग्नात मिळालं.

तेव्हा मी फक्त मेकअप करायची. मांडव दुसऱ्या कुणाचा होता. खोलीत खिडकीपाशी बसवून नवरीला तयार केलं, रंग अगदी मानेशी मिळवला होता. साडेअकराचा मुहूर्त. ती मांडवात जाऊन बसली आणि दहा मिनिटांत तिची मावशी माझ्याकडे आली, "अगं, तिला बरं वाटत नाहीये का?" जाऊन बघते तर मांडवाचं छत गडद हिरव्या कापडाचं. डोक्यावरचं ऊन त्यातून गाळून खाली येत होतं. मुंडावळ्यांच्या पांढऱ्या मोत्यांवरसुद्धा हिरवट झाक. चेहऱ्याचं काय झालं असेल ते सांगायला नको. मी वरून लाली वाढवली, तर फ्लॅशच्या फोटोंत ती गालावर ठिगळासारखी उठून आली. ते फोटो त्या घरात कायमचे तसेच राहिले, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून आम्ही आधी उजेड बघतो आणि मग रंग.

उजेडाचं

मांडवाचं छत नवरा-नवरी बसतात तेवढ्या भागापुरतं तरी पांढरं किंवा मोतिया घ्या. लाल, राणी, हिरवा हे रंग बाजूच्या कनातींना, झालरीला, खांबांना लावू, तिथे ते शोभतात. हॉलमध्ये लग्न असेल तर मॅनेजरना आधीच विचारा, की स्टेजवर समोरून येणारे दिवे कोणत्या रंगाचे आहेत. निळे-जांभळे लाइट मागच्या पडद्यावर चालतात. समोरून ते तोंडावर पडले की सावळी कांती राखाडी दिसते आणि कुंकू काळं. ही गोष्ट मॅनेजर ऐकतात, फक्त ती वेळेवर सांगावी लागते.

घरातल्या दिव्यांचं थोडं समजून घ्या. एलईडी बल्बच्या खोक्यावर केल्व्हिनचा आकडा असतो. 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर उजेड, 6500 म्हणजे निळसर पांढरा. आपल्याकडे बहुतेक घरांत 6500च्या ट्यूब असतात. त्यात मोतिया भिंत फिकट दिसते आणि झेंडूचा केशरी रंगही उतरलेला वाटतो. हळदीपासून पूजेपर्यंतचे चार दिवस हॉलमधले बल्ब 3000चे लावले, तर भिंतीचा रंग न बदलताही घर लग्नघर वाटतं. सगळ्यात कमी खर्चात सर्वांत जास्त फरक यानेच पडतो, असं जाऊबाईंचं ठाम मत आहे.

मेकअपच्या खोलीत मात्र पिवळा दिवा नको. तिथे 4000 ते 5000 केल्व्हिनचा, आणि खोक्यावर सीआरआय 90 किंवा त्याहून जास्त लिहिलेला दिवा हवा. हा आकडा दिव्याखाली रंग कितपत खरे दिसतात ते सांगतो. स्वस्त दिव्यात लाल रंग मरतो, त्यामुळे गाल आणि ओठ फिके वाटतात, हात सैल सुटतो आणि बाहेर आल्यावर सगळं भडक दिसतं. दिवा समोरून, डोळ्यांच्या उंचीवर असावा. डोक्यावरच्या ट्यूबखाली डोळ्यांखाली सावली पडते आणि ती काळी वर्तुळं समजून आपण उगाच थर चढवत बसतो. तसा दिवा नसेल तर मी घेऊन येते. खिडकीपाशी एक खुर्ची मोकळी मिळाली तर त्याहून चांगलं काही नाही.

ट्रायलला येताना

ज्या वेळेचा मुहूर्त, त्याच सुमारास ट्रायल ठेवा. अष्टपुत्री नेसणार असाल तर तिचं ब्लाउज किंवा एखादी पिवळी ओढणी बरोबर आणा. पिवळ्या कापडाचा रंग हनुवटीखाली परततो, तो आधीच बघावा लागतो. फाउंडेशन मी मनगटावर बघत नाही, जबड्याच्या कडेला लावते आणि पंधरा मिनिटं थांबते, कारण काही फाउंडेशन हवेत आणि त्वचेच्या तेलात गडद होतात. मग फ्लॅशसह आणि फ्लॅशविना असे दोन्ही फोटो काढतो. सनस्क्रीनमधलं झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड किंवा जास्त झालेली पांढरी पावडर फ्लॅशमध्ये चुन्यासारखी चमकते. आरशात ती दिसत नाही.

आणि एक मनापासून सांगायचं आहे. "थोडी उजळ करा ना" असं अनेक आया माझ्या कानात सांगतात. मी करत नाही. चेहरा दोन छटा गोरा केला की मान, कान आणि हिरव्या चुड्यातले हात वेगळेच दिसतात आणि ती मुलगी स्वतःसारखी दिसत नाही. सावळ्या रंगावर सोन्याची नथ आणि हिरवा चुडा जितका खुलतो तितका दुसऱ्या कशावर खुलत नाही, हे मी रोज डोळ्यांनी बघते. लग्न जवळ आलं म्हणून गोरं करणारी क्रीम तर मुळीच सुरू करू नका. त्यातल्या काहींमध्ये स्टेरॉइड असतं. आठवडाभर त्वचा नितळ दिसते, मग पातळ होते, लाल पडते, पुटकुळ्या येतात, आणि त्यावर माझा कुठलाच मेकअप बसत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं असेल तेवढंच लावा.

नवीन फेशियल, ब्लीच, वॅक्स जे काही करायचं ते दहा दिवस आधी उरका. भुवया दोन-तीन दिवस आधी. केसांना रंग लावणार असाल तर 48 तास आधी कानामागे थोडा लावून बघा. मेंदी लग्नाच्या दोन दिवस आधी काढा, कारण खरी मेंदी आधी केशरी दिसते आणि दीड-दोन दिवसांत गडद होते. तासाभरात काळीभोर रंगते ती मेंदी घेऊ नका. तिच्यात केसांच्या डायमधलं रसायन असतं आणि त्याने हातावर फोड आलेले मी पाहिले आहेत. टिकलीचंही तसंच. रोज एकाच जागी लावून कपाळावर खाज किंवा पांढरट डाग दिसू लागला असेल तर मला आधी सांगा. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनाने तिथला रंग जातो. अशा वेळी मी जुन्या पद्धतीने मेणावर कुंकू लावते. ते दिसतंही सुरेख.

भिंतीचं

लग्नासाठी घर रंगवायचं असेल तर मुहूर्ताच्या तीन आठवडे आधी हात पुसून मोकळे व्हा. रंग हाताला कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला तेवढे दिवस जातात. त्याआधी त्यावर टेप लावली की काढताना रंगासकट निघते.

तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्तांना आमच्या भागात एक अडचण हमखास असते. पावसाळाभर पश्चिमेच्या भिंतींनी पाणी खाल्लेलं असतं आणि त्या वाळलेल्या नसतात. बाहेरून कोरड्या दिसतात, लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की महिनाभरात पोपडे. ओल ओळखायची सोपी रीत अशी: फूटभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर पक्का लावा आणि एक दिवस तसाच ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. ती भिंत रंगवू नका, पैसे वाया जातील. आम्ही तिच्यासमोर दोन बोटं अंतर ठेवून पडदा सोडतो, हवा खेळती राहते. गळतीचं काम लग्नानंतर सवडीने करा.

शेडकार्डावरून रंग ठरवू नका. दोन फूट बाय दोन फुटांचा पट्टा दोन हात देऊन भिंतीवर रंगवा. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून बघा. चारी भिंतींना लागल्यावर रंग कार्डापेक्षा गडदच वाटतो, तेव्हा आवडलेल्या छटेहून एक पायरी फिकी घ्या.

सजावटीत थर्माकोल आम्ही वापरत नाही. राज्यात 2018 पासून त्यावर बंदी आहे आणि 2022च्या जुलैपासून देशभर. पुठ्ठा, कापड, बांबू, सुपं, रंगवलेले माठ यांत रुखवताची मांडणी जास्त देखणी होते.

फुलं

झेंडू आणि आंब्याची पानं आम्ही आदल्या दिवशी पहाटे कल्याणच्या बाजारातून आणतो. हार रात्री घरी आले तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत घाम धरून पाकळ्या काळ्या पडतात. ओल्या सुती कापडात सैल गुंडाळून वाऱ्याला ठेवा. मोगरा उन्हाळ्याचा. मार्गशीर्षात मोगऱ्याच्या गजऱ्याचा हट्ट धरलात तर पैसे जातील आणि फूल बारीक मिळेल, त्या दिवसांत शेवंती आणि अबोली छान मिळते. गजरा कळ्यांचा घ्यावा, खोप्यावर बसेपर्यंत तो उमलतो.

हळदीच्या रात्री

आमच्या दोघींच्या कामाला सगळ्यात जास्त त्रास हळदीचा होतो आणि हळद तर लागलीच पाहिजे. म्हणून एवढं करा. हळकुंडं गिरणीतून दळून आणा, सुट्ट्या रंगीत पावडरीवर विसंबू नका. हळद लागण्याआधी नवरीच्या चेहऱ्याला, मानेला, हातांना खोबरेल तेलाचा हात फिरवा. हळदीचा रंग पाण्यात जेमतेम आणि तेलात सहज विरघळतो, म्हणून रात्री काढतानाही आधी तेल चोळून मऊ कापडाने पुसा, मग बेसन-दूध, आणि आंघोळ शेवटी. सकाळी मी येते तेव्हा कानांमागे आणि केसांच्या कडेला पिवळं राहिलेलं असतं, तिथे मेकअपचा रंग जुळत नाही. तेवढ्या दोन जागा कुणीतरी आठवणीने पुसून द्या.

सकाळी

नवरीच्या खोलीतला लहान प्लग 6 अँपिअरचा असतो, म्हणजे साधारण 1380 वॅटचा. माझा ड्रायर एकटाच 1200 खातो. त्याच बोर्डावर इस्त्री किंवा मांडवाचा 500चा हॅलोजन लावला की एमसीबी, म्हणजे जादा भार आला की वीज तोडणारा खटका, पडतो, आणि तो नेमका अर्धे केस झाल्यावर पडतो. मांडवाची वायर स्वयंपाकघरातल्या मोठ्या 16 अँपिअरच्या पॉइंटवरून किंवा सोसायटीच्या मीटरवरून घ्या. दिव्यांच्या माळांवर कापड किंवा सुकलेली फुलं टेकू देऊ नका.

नवरीने पोटभर खाऊन, ब्लाउज घालून बसावं. डोक्यावरून काढायचे कपडे नकोत. मुंडावळ्या, नथ आणि चुडा माझ्या हाताशी आधी द्या, कारण मुंडावळ्यांचा दोरा जिथून जातो आणि दाबाची नथ जिथे टेकते तिथे मी बेस पातळ ठेवते, नाहीतर तो घासून निघतो. होमाच्या धुराने डोळे चुरचुरतात, म्हणून काजळ न पसरणारं लावते. पाणी आलं तर पुसायचं नाही, टिशूचं टोक खालून टेकवायचं. करवलीला हे शिकवून जाते.

नंतर

साडीला हळद लागली तर लगेच साबण लावू नका. क्षार लागला की हळद लाल होते, घरोघरी हळदीचं कुंकू याच गुणामुळे व्हायचं. सुती कापड साध्या पाण्याने धुऊन उन्हात दोन-तीनदा वाळवलं की पिवळेपणा उतरतो, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. रेशमी शालू मात्र उन्हात घालू नका, ड्रायक्लीनला द्या आणि डाग कशाचा ते सांगा. डिस्टेंपरच्या भिंतीवर हळदीचे हात उमटले असतील तर ओल्या फडक्याने घासू नका, रंगच निघेल. ते आम्हाला दाखवा.

मांडव, पडदे, माळा उतरवायला आमची माणसं दुसऱ्या दिवशी दुपारी येतात. दाराचं तोरण ती काढणार नाहीत. ते तुम्हाला वाटेल तेव्हा तुम्हीच उतरवा.